दांडी, घोडी आणि बारा तारा

मिरजेला आमच्या घरी तानपुरा लावायचं काम बाबांचं. पंचम मनासारखा लागला की ते मधल्या दोन तारांकडे वळायचे. त्या दोन्ही एकाच षड्जाच्या, म्हणून त्यांना जोडी म्हणतात. पहिली लावून झाली की दुसरी तिच्याजवळ आणताना आवाजात हेलकावा येतो. आधी तो भराभर येतो, मग संथ होत जातो आणि एका क्षणी विरतो. "गेला का गं हेलकावा?" बाबा विचारायचे. मी सहा-सात वर्षांची असेन. गेला म्हटलं की खुंटीवरचा हात निघायचा, नाही म्हटलं की मणी केसभर सरकवून पुन्हा ऐकायचं.

हे सगळं मला आठवलं जर्सी सिटीत, एका मैत्रिणीच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर. तिच्या शेजाऱ्याने बारा तारांची गिटार आणली होती. मी पुण्याला इंजिनिअरिंग करताना सहा तारांची गिटार शिकले, ती अजूनही वाजवते. बारा तारांची मात्र कधी हातात घेतली नव्हती. त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली. मी साधी जी कॉर्ड धरली, वरून खाली एकदा हात फिरवला, आणि अंगावर काटा आला. आवाज संपतच नव्हता. एकेका सुराभोवती दुसरा सूर लागून होता, आणि सगळ्यांत मिळून तो हेलकावा होता, अगदी संथ, विरण्याच्या बेतातला.

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. जाड तारांच्या चार जोड्यांत एक तार नेहमीची आणि तिच्या शेजारी एक बारीक, बरोबर एक सप्तक वरची. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्याच, एकाच सुराच्या. म्हणजे त्या दोन अगदी तानपुऱ्याच्या जोडीसारख्या. बोट मात्र एकाच वेळी दोन्ही तारांवर दाबायचं. पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघतात, नंतर सवय होते.

त्या शेजाऱ्याची गिटार साठच्या दशकातली होती. मी दुसऱ्याच शनिवारी दुकानात जाऊन नवी वाजवून पाहिली, सहाशे डॉलरची. चांगली होती, सुरात होती, वाजवायलाही सोपी. पण घरी आल्यावर कानात तिचा आवाज उरला नाही. मग मी ठरवलं की घ्यायची तर जुनीच. नवऱ्याशी बोलून १,५०० डॉलरची मर्यादा आखली, दुरुस्ती धरून. हा ऑक्टोबर २०२३ होता. गिटार घरी आली जूनमध्ये.

शोधायला लागले तेव्हा पहिलं आश्चर्य हे की ज्या गावात मी नऊ वर्षं राहते आहे तिथेच या वाद्याचा इतिहास पडलेला. ऑस्कर श्मिट कंपनीचा कारखाना जर्सी सिटीतच होता. अमेरिकन लोकगायक लेड बेली बारा तारांची जी स्टेला गिटार वाजवायचा ती याच कंपनीची. तो ती नेहमीच्या सुरापेक्षा बरीच उतरवून लावायचा, म्हणून तिच्या खर्जाला एवढं वजन. १९३९ मध्ये स्टेला हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीकडे गेलं. श्मिटच्या काळातल्या बारा तारांच्या स्टेला आता फारच थोड्या उरल्यात आणि त्यांचे भाव माझ्या आवाक्याच्या पलीकडचे. पण शेजारच्या होबोकेनमध्ये गिल्ड कंपनी होती. ऑब्झर्व्हर हायवेवर न्यूमन लेदर्सची जुनी विटांची इमारत आहे, एके काळी तिथे चामडं कमवायचे. १९५६ पासून साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत गिल्डच्या गिटारी तिथे बनत होत्या, नंतर कारखाना ऱ्होड आयलंडमधल्या वेस्टर्लीला हलला. मी पाथ ट्रेनने होबोकेनला उतरते तेव्हा त्या इमारतीवरून कित्येकदा गेले असेन. आत काय होतं हे मला माहीत नव्हतं.

त्या शेजाऱ्याने मला एक फार मोलाची गोष्ट सांगितली. म्हणाला, काहीही विकत घेण्याआधी दुरुस्ती करणाऱ्या कुणाला तरी भेट आणि तपासायचं कसं ते शिकून घे. त्याने एका बाईंचं नाव दिलं. त्यांचं वर्कशॉप घरामागच्या गॅरेजमध्ये आहे, वय साठीच्या पुढचं, बोलणं मोजकं. मी तासाचे पैसे देऊन त्यांच्याकडून शिकले. या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच.

त्यांनी आधी आकडा सांगितला. सहा तारांच्या स्टीलच्या गिटारवर साधारण ७० किलोचा ताण असतो. बारा तारांवर, १०-४७ जाडीचा (म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग) संच घालून पूर्ण सुरात लावली, तर तो ११० किलोच्या वर जातो. हा सगळा ताण झेलायचा कुणी? तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, समोरच्या स्प्रूस लाकडाच्या फळीने, आणि दांडी जिथे पोटाला जोडलेली असते त्या सांध्याने. "साठ वर्षं, रात्रंदिवस," त्या म्हणाल्या. मग एक लांब पोलादी पट्टी काढली आणि समोरच्या गिटारवर ठेवली.

ती तपासणी अशी. पट्टी दांडीच्या मधोमध, धातूच्या पडद्यांवर टेकवून, तारा पेलणाऱ्या घोडीच्या दिशेने सरकवत न्यायची. पट्टीचं टोक घोडीच्या लाकडाच्या वरच्या कडेला येऊन टेकलं, किंवा किंचित वरून गेलं, तर सांधा जागेवर आहे. टोक घोडीच्या अंगावर, कडेच्या खाली जाऊन आपटलं, तर ताणाने दांडी पुढे ओढली गेली आहे. मग तारा पडद्यांपासून उंच जातात, दाबताना हात दुखतो, आणि उपाय एकच: दांडी वाफ देऊन सांध्यातून सोडवायची, टाचेचं लाकूड तासून कोन बदलायचा आणि पुन्हा बसवायची. याला नेक रीसेट म्हणतात. बाईंचा त्याचा दर ८०० डॉलर.

त्यांनी समोरच्या गिटारवर मला पट्टी सरकवायला लावली. टोक घोडीच्या कडेच्या खाली, चांगलं दोन मिलिमीटर खाली, जाऊन थांबलं. बाहेरून ती गिटार आरशासारखी चकचकीत होती.

बाकीच्या गोष्टी त्यांनी भराभर सांगितल्या. घोडीच्या मागे फळीला थोडा फुगवटा असतोच, त्याला घाबरू नये. पण घोडीच्या पुढे, मधल्या गोल भोकाच्या बाजूला, फळी खाली बसलेली असेल तर सोडून द्यावी. घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा, आत गेला तर घोडी उचलतेय. आरसा आणि बारीक टॉर्च घेऊन आत बघावं. घोडीच्या खाली आतून एक फळकुट असतं. तारा अडकवायची बारा भोकं इतकी जवळजवळ पाडलेली असतात की ते एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत तडकतं. मग पाठीवर आणि पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारत जायचं; कुठे खुळखुळ आली तर आतली एखादी पट्टी सुटलेली आहे. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि आरसा, टॉर्च आणि पट्टी एका कापडी पिशवीत भरून ठेवली. पुढचे आठ महिने ती पिशवी गाडीत होती.

रात्री मिरजेला फोन केला तेव्हा बाबांना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन. ते सतारमेकर गल्लीत जाऊन, आमचा तानपुरा जिथे जव्हारीला (नाद दुरुस्त करायला) जातो त्या कारागिराला मी पाठवलेला फोटो दाखवून आले होते. "अगं, तो पण तेच म्हणाला. पॉलिश करून काहीही नवं दिसतं. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो सांधा आधी बघायचा. आणि घोडी कुणी तासलीय का ते बघायला सांग म्हणाला लेकीला." घोडी तासण्याची गोष्ट तेव्हा माझ्या नीट लक्षात आली नाही. ती पुढे फार महागात पडून समजली.

पहिली पाहिली ती गिब्सनची बी-४५-१२, मॅनहॅटनमधल्या एका दुकानात. हे मॉडेल १९६१ पासूनचं. समोरची साठच्या मध्यावरची होती. रंग विलक्षण सुंदर, कडेला गडद लाल, मध्ये मधासारखा. पण तिच्या तारा घोडीत अडकवलेल्या नव्हत्या, घोडीवरून जाऊन खाली बुडाला लावलेल्या धातूच्या चौकटीला बांधलेल्या होत्या. त्या काळात गिब्सनने पुष्कळ बारा तारांच्या गिटारींना असं केलं, फळीवरचा ओढा कमी व्हावा म्हणून. त्यामुळे फळी शाबूत राहिली हे खरं. पण वाजवली तेव्हा आवाज लगेच मिटला. मला जे विरत जाणं हवं होतं ते तिच्यात नव्हतं.

एक यामाहाही पाहिली, लाल लेबलची एफजी-२३०, निप्पॉन गाक्की छाप असलेली. भाव चारशेच्या आत, दांडी सरळ, तब्येत उत्तम. कुणाला कमी पैशांत जुनी आणि दणकट हवी असेल तर मी निःशंक हिचं नाव सुचवेन. मी जवळजवळ घेतलीच होती. पण मैत्रिणीच्या शेजाऱ्याची गिटार कानातून जात नव्हती.

डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात गेले. तिथल्या नाझरेथ गावात मार्टिन कंपनी १८३९ पासून आहे, आणि त्या गावापासून तासाभरावर एका आजींनी मार्टिनची डी१२-२० विकायला काढली होती. हे मॉडेल १९६४ साली आलं. महोगनीचं पोट, दांडी पोटाला बाराव्या पडद्यापाशी मिळते, आणि डोक्याला खाचा, शास्त्रीय गिटारला असतात तशा. त्यांच्या यजमानांनी कॉलेजात असताना घेतलेली. आतल्या ठोकळ्यावरचा क्रमांक कंपनीने छापलेल्या यादीशी ताडला तर साल १९६७ निघालं. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याआधीची पंचवीस वर्षं ती पेटीतून निघालीच नव्हती.

पेटी उघडली आणि लाकडाचा, जुन्या लाखेचा असा काही वास आला की मी क्षणभर तशीच बसून राहिले. मग पट्टी काढली. टोक घोडीच्या निम्म्यावर आपटलं. फळी घोडीमागे टोपीसारखी वर आलेली आणि पुढे खचलेली. त्या काळातल्या मार्टिनच्या दांडीत फिरवून सरळ करता येईल अशी सळई नसते, ती १९८५ मध्ये आली, त्यामुळे तिथूनही काही करता येण्यासारखं नव्हतं. तारा हाताने चाचपल्या तर त्या पूर्ण सुरात ताणलेल्या होत्या. शेवटच्या दिवशी जशी लावली तशीच पेटीत गेलेली.

मी आजींना बसवून सगळं दाखवलं. त्यांनी १,८०० सांगितले होते आणि त्यात वर हजारभराचं काम होतं. खोटं बोलून कमी भावात मागणं मला जमलं नसतं. त्यांनी पट्टीच्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुणी वाजवत नसतानाही ती ओढत असते?" मी हो म्हणाले. मला राहवेना, मी त्यांची परवानगी घेऊन बाराच्या बारा तारा सैल केल्या. एकेक खुंटी फिरवताना फळीतून बारीक करकर ऐकू येत होती. त्यांनी मला कॉफी दिली, नवऱ्याचा गिटार घेतलेला फोटो दाखवला. घरी येताना गाडीत मी काही ऐकलं नाही.

माझी चूक झाली ती फेब्रुवारीत. दुसऱ्या राज्यातल्या एका दुकानाने गिल्डची एफ-२१२ विकायला लावली होती, वर्णनात लिहिलेलं की कसलाही दोष नाही, तारा खाली आहेत, वाजवायला लोण्यासारखी. फोटो सगळे समोरून. थंडीचे दिवस, थकवा आलेला, पाच महिने हात रिकामे. मी पैसे भरून मोकळी झाले. खोकं आलं, चोवीस तास तसंच ठेवलं कारण बाहेरच्या गारठ्यातून आलेलं लाकूड लगेच उघड्यावर काढलं तर लाखेला तडे जातात. दुसऱ्या दिवशी काढली. तारा खरंच खाली होत्या. मग बाजूने पाहिलं, आणि घोडी इतकी पातळ की पोस्टाचं पाकीट ठेवल्यासारखी. घोडीचं लाकूड साधारण नऊ मिलिमीटर जाड असतं. हिचं चार. त्यावरची हाडाची पट्टी जेमतेम दिसत होती. दांडी पुढे आली होती, आणि ती नीट बसवण्याऐवजी कुणीतरी घोडी तासून तारा खाली आणल्या होत्या. म्हणजे रीसेट करायचाच होता आणि वर नवी घोडीही. मिरजेचा कारागीर हेच सांगत होता.

दुकानाने गिटार परत घेतली, पण "दोष नाही" हे आपलं मत होतं असं म्हणून जाण्यायेण्याचा खर्च माझ्यावर टाकला. १६५ डॉलर गेले. पैशांपेक्षा राग याचा आला की त्यांना ते माहीत होतं. बाजूने एकही फोटो नव्हता तो उगीच नव्हे. तेव्हापासून मी कुणालाही लिहिताना पहिल्या ओळीत तीन फोटो मागते: घोडी बाजूने, शेजारी मोजपट्टी धरून, दांडीच्या टाचेचा सांधा दोन्ही बाजूंनी, आणि फळी खालच्या टोकाकडून, उजेड आडवा पडेल अशी. जे पाठवत नाहीत त्यांना पुन्हा लिहीत नाही.

मार्चमध्ये बाबांना फोन लावला तर गल्लीत आनंदीआनंद होता, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं. त्याच फोनवर मी त्यांना गिल्डच्या एफ-३१२ बद्दल सांगितलं. ती मी आदल्याच दिवशी वाजवून आले होते. भाव माझ्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, पण आवाज असा की मी कर्जाचा विचार करायला लागले होते. पाठ आणि कडा ब्राझिलियन रोजवूडच्या, काळ्या-तांबूस रेषांच्या. "म्हणजे शिसवीच ना?" बाबा म्हणाले. "आपल्या आजीचा पलंग शिसवीचा आहे." शिसवीची चुलत बहीण म्हणता येईल. पण दोघींत एक मोठा फरक आहे. ब्राझीलचं ते झाड इतकं तोडलं गेलं की १९९२ पासून त्याच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ बंदी आहे, आणि त्यापासून बनलेलं वाद्य स्वतःचं असलं तरी सीमेपार न्यायला परवाने लागतात. आपल्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१७ ते २०१९ या काळात कागदपत्रांचा जाच होता, मग तो काढला. मार्टिन कंपनीही १९६९ च्या अखेरीस ब्राझिलियन सोडून भारतीय शिसवीवर आली, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन गिटारींच्या पाठी आपल्याकडच्या जंगलातल्या आहेत.

मला गिटार मिरजेला न्यायची होती. बाबांचं वय ७८, ते आता इतका लांबचा प्रवास करणार नाहीत, आणि त्यांनी ती समोर बसून ऐकावी ही माझी फार इच्छा. कस्टम्सच्या टेबलावर ती अडकून पडेल ही भीती मनात ठेवून मला ती घ्यायची नव्हती. एफ-३१२ सोडली. वाईट वाटलं, अजूनही कधी कधी वाटतं.

मे महिन्यात किनाऱ्याकडच्या एका गावातून जाहिरात आली. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गिल्ड एफ-२१२, १,४०० डॉलर. मी तीन फोटो मागितले. त्यांनी नऊ पाठवले, आणि खाली लिहिलं की डाव्या बाजूला फळीत एक तडा होता, १९८८ मध्ये आतून चकत्या लावून सांधला, पहिल्या तीन पडद्यांना खळगे पडलेत, आणि दोन खुंट्यांच्या प्लॅस्टिकच्या कळ्या भुगा होऊन पडल्यात. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून दोष सांगत होतं.

रविवारी सकाळी गेले. त्यांनी गिटार सोफ्यावर ठेवली होती, पेटी उघडी. आत लेबल: गिल्ड, होबोकेन, न्यू जर्सी. क्रमांकावरून १९६६. नवी असताना त्यांनीच घेतलेली, अठ्ठावन्न वर्षं एकच मालक. महोगनीची पाठ, स्प्रूसची फळी वयाने पिवळसर केशरी झालेली, भोकाच्या खाली वाजवून वाजवून लाख उडालेली आणि लाकूड उघडं पडून मऊ झालेलं.

मी पट्टी काढली. हात थोडा कापत होता. सरकवत सरकवत नेली, आणि टोक घोडीच्या वरच्या कडेला येऊन टेकलं. बरोबर कडेला. पुन्हा एकदा केलं, मग तिसऱ्यांदा. घोडी मोजली, नऊ मिलिमीटर. कागद आत जात नव्हता. आरशात फळकुटावर भोकांभोवती थोडी झीज होती, तडा नव्हता. टिचक्या मारल्या तेव्हा पाठीला एके ठिकाणी खुळखुळ आली, ती त्यांना सांगितली.

"मी कधीच पूर्ण सुरात लावली नाही," ते म्हणाले. "नेहमी दोन घरं खाली, आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो." कॅपो म्हणजे दांडीवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा; त्याने स्वर नेहमीचाच मिळतो, पण ताण खूप कमी होतो. शिवाय गिल्डने बारा तारांच्या दांडीत एकाऐवजी दोन सळया घातल्या आहेत, प्रत्येक बाजूला एक. होबोकेनच्या कारागिरांनी ओढ्याचा विचार केला होता, आणि या माणसाने त्यांना अठ्ठावन्न वर्षं साथ दिली होती.

"वाजव ना काहीतरी," ते म्हणाले. मला ऐनवेळी इंग्रजी एकही गाणं आठवेना. मी भूपाचे स्वर धरले, खालची जाड जोडी षड्जासारखी मोकळी सोडत राहिले आणि वर सावकाश फिरले. सा रे ग प ध. जोडीतली बारीक तार वरचं सप्तक दाखवत होती, मी न लावलेले सूरही आत कुठेतरी जागे होत होते. हात काढला तरी आवाज खोलीत राहिला. हेलकावा होता, एकदम संथ. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्याकडे ती कधी अशी बोलली नाही."

खुळखुळ आणि पडदे धरून १,२५० ला ठरलं. त्यांनी पेटीत तारांचे दोन नवे संच आणि आपला कॅपो ठेवला. दारापर्यंत आले, गाडीपर्यंत आले नाहीत.

गॅरेजवाल्या बाईंनी तीन आठवडे घेतले. सुटलेली पट्टी चिकटवली, पहिले पाच पडदे बदलले, खुंट्यांच्या कळ्या नव्या घातल्या, दोन्ही सळया थोड्या फिरवल्या. बिल ३४० डॉलर. मर्यादेच्या नव्वद वर गेले, आणि दुकानाचे १६५ वेगळे. त्यांनी गिटार परत देताना पट्टी ठेवून मला पुन्हा दाखवलं. मग म्हणाल्या, हिवाळ्यात हीटर सुरू झाला की खोलीतली आर्द्रता मोज, पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस, आणि तिला दोन घरं खालीच ठेव. मी पेटीत ओलाव्याची डबी घालून ठेवली आहे आणि काटा रोज बघते.

घरी येताना मुद्दाम होबोकेनला वळले. ऑब्झर्व्हर हायवेवर गाडी लावली, पेटी हातात घेतली आणि न्यूमन लेदर्सच्या विटांच्या भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहिले. आत आता कलाकारांचे स्टुडिओ आहेत. कुणीतरी खिडकीत कुंडीला पाणी घालत होतं.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पण कॉलमध्ये लांबलेला स्वर कापला जातो. यंत्राला तो गोंगाट वाटतो. त्यांना नुसता ठोका ऐकू येत होता आणि पुढे शांतता. "काही कळत नाही बाळ," ते म्हणाले. मग मी फोन उशीवर ठेवून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि पाठवून झोपले.

सकाळी उठले तेव्हा त्यांचा निरोप आलेला. आवाज सकाळच्या रियाजानंतरचा, मोकळा. "गोड आहे गं. फार गोड आहे. पण बारीक तारांकडून दुसरी जी जोडी आहे ना, तिच्यात हेलकावा राहिलाय. आणि लावताना मध्येच टिक असा आवाज आला बघ. खुंटी फिरतेय पण तार अडकतेय वरच्या पट्टीच्या खाचेत, आणि मग एकदम सुटतेय. घोडीपाशी शोधू नकोस, वर बघ."

मी चहा ठेवला, मुलाच्या दप्तरातून शिसपेन्सिल काढली, ती तार सैल करून हाडाच्या पट्टीतल्या खाचेतून उचलली आणि खाचेत टोक दोन-तीनदा फिरवलं. तार पुन्हा बसवली. खुंटी फिरवताना टिक आलं नाही. शेजारची तार छेडली, मग ही, मग दोन्ही मिळून. हेलकावा भराभर आला, लांबला, आणखी लांबला. मी खुंटी केसभर पुढे नेली आणि फोनवरचं लाल बटण दाबलं.